मातीची फौज आणि मापाचा न्याय

प्रत्येक जुन्या गांवाला आपली अशी एखादी फुशारकी असते. पैठणाजवळ अशा फुशारक्या दोन-चार आहेत, आणि त्या साऱ्याच सामान्य बुद्धीला न पेलणाऱ्या आहेत. या गांवीं रेड्याच्या मुखानें वेद म्हणवले गेले. या गांवीं एकनाथांच्या घरीं देवानें श्रीखंड्या होऊन कावडीनें पाणी वाहिलें. आणि या दोहोंच्याही पुष्कळ आधीं एका कुंभाराच्या अंगणांतील मातीचीं खेळणीं जिवंत होऊन लढाईस निघालीं. पहिल्या दोन कथा भक्तीच्या प्रांतांतील आहेत. त्यांच्या वाटेस जाण्याचें आम्हांस कारण नाहीं. तिसरी मात्र थोडी आमच्या प्रांतांत येते. कारण ती मोठ्या वस्तूच्या लहान नमुन्याची, म्हणजे प्रतिकृतीची, कथा आहे, आणि प्रतिकृति ही जगांतील फार जुनी पाठशाळा आहे. तेथील बहुतेक पाठ फजितीनें दिलेले असल्यामुळें ते विसरतां येत नाहींत.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे. शेषाचा अंश असलेला एक पोर प्रतिष्ठानांत कुंभाराच्या घरीं वाढतो, आणि मातीचे हत्ती, घोडे व पाईक करून सवंगड्यांबरोबर राजा-राजा खेळतो. उज्जयिनीचा विक्रम मोठें सैन्य घेऊन नगरावर चालून येतो. तेव्हां हा पोर आपल्या मातीच्या सैन्यांत प्राण ओततो, विक्रमाचा मोड करतो, आणि नर्मदेच्या दक्षिणेस शालिवाहनाचा शक व उत्तरेस विक्रमाचा संवत् अशी वांटणी होते. चौदाव्या शतकांतील जैन आचार्य जिनप्रभसूरि यांनीं ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथांत प्रतिष्ठानाचें माहात्म्य सांगतांना सातवाहन या नांवाची व्युत्पत्तीही याच खेळांतून काढली आहे. सवंगड्यांना मातीचीं वाहनें देतो तो सातवाहन! ही व्युत्पत्ति व्याकरणाला पटो वा न पटो. एका मोठ्या राजवंशाचें नांव खेळण्यांवरून पडलें असें मानणारा समाज अरसिक खास नव्हता.

परंतु शिक्षकाच्या पेशाला एक वाईट खोड असते. कथा रंगांत आली म्हणजे तो मध्येंच एक रुक्ष प्रश्न विचारतो. आमचा प्रश्न असा कीं, हे पाईक केवढे होते? वीतभर उंचीचे असतांनाच त्यांत प्राण आला असेल, तर विक्रमाच्या सैनिकांस तरवारी उपसण्याचें कारण नव्हतें. एक केरसुणी पुरली असती. आणि ते पुरुषभर उंचीचे झाले असतील, तर वीतभर बाहुली पुरुषभर होतांना तिचें काय होतें, हें पाहिलें पाहिजे. कथेनें याविषयीं मौन पाळलें आहे. तो कुंभार मात्र इतका स्वस्थ बसला नसता.

कारण मापाचा पहिला पाठ कुंभाराच्या भट्टींतच मिळतो. बोटभर जाडीची मातीची बाहुली चार दिवसांत वाळते. तीच दोन बोटें जाड केली तर ती आठ दिवसांत वाळेल, असें नवशिक्यास वाटतें. परंतु जाडी दुप्पट झाली म्हणजे आंतील ओल बाहेर येण्यास सुमारें चौपट वेळ लागतो. वरून वाळलेली दिसणारी बाहुली आंतून ओलीच असते. ती भट्टींत गेली कीं आंतील पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर जाण्यास वाट मिळत नाहीं, आणि बाहुली फुटते. शेजारचीं दोन-चार भांडींही ती बरोबर घेऊन जाते. पैठण, तेर, भोकरदन या जुन्या व्यापारी नगरांच्या मातींतून सातवाहनकाळच्या ज्या सुबक मृण्मूर्ति निघाल्या, त्यांतल्या पुष्कळशा दोन साच्यांत दोन अर्धीं अंगें दाबून मग जोडलेल्या आणि आंतून पोकळ आहेत. ही पोकळी म्हणजे मातीची काटकसर एवढाच अर्थ नव्हे. कित्येक पिढ्यांच्या फुटक्या बाहुल्यांतून कुंभारानें शिकलेला तो धडा आहे. त्यानें गणित मांडलें नाहीं. परंतु मोठी वस्तु ही लहान वस्तूचीच वाढलेली आवृत्ति नसते, हें त्याच्या बोटांस कळलें होतें.

जें पैठणच्या कुंभारास कळलें, तें ग्रीसच्या नागरिकांस कळण्यास एक वेढा पडावा लागला. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या, म्हणजे शेवटच्या भागांत ही गोष्ट दिली आहे. इकडे पाटलिपुत्रास चंद्रगुप्त मौर्य राज्य करीत असतां तिकडे ऱ्होड्झ बेटांत डायोग्नेटस नांवाचा एक स्थपति होता. त्यास नगराकडून वर्षासन मिळे. एके दिवशीं कॅलिअस नांवाचा एक परदेशी गृहस्थ तेथें आला. त्यानें भरसभेंत व्याख्यान दिलें आणि एक नमुना मांडला: नगराच्या तटाचा एक तुकडा, त्यावर फिरती यारी, आणि तटाकडे सरकत येणारा शत्रूचा चाकांचा लांकडी बुरूज. यारी फिरली, तिनें तो बुरूज अलगद उचलला आणि तटाच्या आंत आणून ठेवला. लोक थक्क झाले. डायोग्नेटसचें वर्षासन बंद होऊन कॅलिअसला मिळूं लागलें. विद्वत्तेपेक्षां प्रात्यक्षिकास भाव अधिक, हा अनुभव कांहीं आजचा नव्हे!

पुढें ख्रिस्तपूर्व ३०५ मध्यें राजा डेमेट्रिअस यानें ऱ्होड्झला वेढा घातला आणि खराखुरा चाकांचा बुरूज उभारला. व्हिट्रुव्हियस त्याची उंची १२५ फूट व वजन तीन लाख साठ हजार पौंड देतो. नागरिकांनीं कॅलिअसकडे धांव घेतली. त्यानें सांगितलें कीं हें होणें नाहीं. गिरमिटानें बोट-दीड बोट रुंदीचें भोंक पडतें, म्हणून त्याच रीतीनें वीतभर रुंदीचें पडेल असें नाहीं, हें व्हिट्रुव्हियसचें त्यावरील भाष्य आहे. तें ज्यास समजलें त्यास अर्धें यंत्रशास्त्र समजलें. शेवटीं नगरच्या मुली आणि मुलगे पुरोहितांसह डायोग्नेटसच्या दारीं गेले, तेव्हां त्या मानी म्हाताऱ्याचा रुसवा निघाला. त्यानें यारी-बिरी कांहीं केली नाहीं. बुरूज ज्या वाटेनें यावयाचा होता त्या बाजूस तटाला भोंक पाडून त्यानें गांवचें सारें सांडपाणी, मैला आणि चिखल रात्रभर बाहेर ओतविला. सकाळीं बुरूज निघाला तो त्या दलदलींत जो रुतला तो पुढेंही सरकेना आणि मागेंही. लहान बुरूज यारीनें उचलला जातो, हें खरें. परंतु मोठा बुरूज आपल्याच वजनानें चिखलांत रुततो, हें अधिक खरें. डायोग्नेटसनें शत्रूच्या मोठेपणालाच कामास लावलें.

या गोष्टीमागील नियम गणिताच्या भाषेंत मांडण्याचा मान गॅलिलिओचा. १६३८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शेवटच्या ग्रंथाचा आरंभच व्हेनिसच्या गोदींतील या चर्चेनें होतो कीं, लहान यंत्र टिकतें तर त्याच आकाराचें मोठें कां टिकूं नये? उत्तर थोडक्यांत असें. लांबी दुप्पट केली तर पृष्ठ चौपट होतें आणि वजन आठपट. आधार देणारी शक्ति पृष्ठाच्या मानानें वाढते. भार मात्र वजनाच्या मानानें वाढतो. हा हिशेब आतां शालिवाहनाच्या हत्तीस लावून पाहूं. चार इंच उंचीचा, पावशेर वजनाचा मातीचा हत्ती दहा फूट करावयाचा म्हणजे तो तीसपट वाढवावयाचा. त्याचें वजन सत्तावीस हजारपट, म्हणजे पावणेसात हजार शेर, झालें. पाय मात्र नऊशेंपट जाड झाले. तेव्हां पायांच्या प्रत्येक चौरस इंचावर पूर्वींच्या तीसपट भार आला. माती ओली असेल तर हा हत्ती विक्रमाचें सैन्य दिसण्यापूर्वींच आपल्या पायांवर बसेल. आणि वाळलेली असेल तर पहिलें पाऊल उचलतांच त्यास तडा जाईल. खरा हत्ती उभा राहतो, कारण निसर्गानें त्यास उंदराचे पाय मोठे करून दिलेले नाहींत. खांब दिले आहेत. मंत्रानें प्राण येत असेल. मापाची सूट मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, हत्तीघोड्यांच्या कथेस इतका काटेकोर तराजू कशाला? तर आपण दिवाळींतल्या किल्ल्याकडे वळूं. ही पाठशाळा पुण्याकडील वाड्यांत आणि चाळींत तर दरवर्षीं भरते. दगड, विटा, गोणपाट आणि लाल माती एवढ्या भांडवलावर तीत प्रवेश मिळतो. तेथील फजित्या ठरलेल्या आहेत. अळीव आधीं पेरले तर लक्ष्मीपूजनापर्यंत महाराजांचें सिंहासन रानांत हरवतें. उशिरा पेरले तर गड ऐन सणांत उघडाबोडका राहतो आणि भाऊबीज आटोपल्यावर हिरवागार होतो. तळ्यांत पाणी सोडलें कीं तें माचीखालून वाट काढतें, आणि जो बुरूज कोणत्याही मोगलास घेतां आला नसता तो तांब्याभर पाण्यास शरण जातो. माती लहान केली तरी पाण्याचें पाझरणें लहान होत नाहीं. गड लहान केला तरी अळिवाचा कोंब त्याला पाहून खुजा होत नाहीं. तीन इंची मावळ्याशेजारीं तो दोन इंची कोंब म्हणजे कमरेच्या वर वाढलेलें रानच!

आणि तो मावळा! दरवाज्यांतून त्याला आंत जातां येत नाहीं, बुरुजावर बसविला तर त्याचे पाय खंदकांत येतात. येथेंही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सिंहगड पायथ्यापासून सुमारें २५०० फूट उंच. मुलांचा सिंहगड तीन फूट उंच झाला, तर त्या मापानें साडेपांच फुटी मावळा दोन मिलिमीटरांचा, म्हणजे तिळाहूनही लहान, झाला पाहिजे. उलट मावळा तीन इंचांचाच हवा असा हट्ट असेल, तर गड शंभर फुटांहून उंच करावा लागेल, आणि त्यास वाड्याचें अंगण पुरणार नाहीं. मुलें अर्थात् यांतलें कांहींच करीत नाहींत. गड आपल्या मापाचा, मावळा आपल्या मापाचा, आणि महाराज त्या दोहोंपेक्षां मोठे. त्यांत अज्ञान थोडें आणि प्रेम फार असतें. ज्यावर आपलें मन बसतें त्याचें माप आपोआप वाढतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्याशीं काम आहे.

प्रौढांची फजिती याहून महाग पडते, एवढाच फरक. वॉशिंग्टनचे सॅम्युअल लँग्ले हे मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख होते. त्यांचीं मनुष्यावांचून उडणारीं विमानें १८९६ मध्यें अर्ध्या मैलाहून अधिक उडालीं. १९०३ च्या ऑगस्टांत त्यांच्या मोठ्या विमानाचा एकचतुर्थांश मापाचा नमुनाही उडाला. मग नमुना जो उडाला तोच चौपट करून, त्यांत मनुष्य बसवून, तो पोटोमॅक नदींतील नौकेवरून उडविण्यांत आला. ७ ऑक्टोबरला तो पाण्यांत पडला. ८ डिसेंबरला पुन्हां पडला. वैमानिक दोन्ही वेळां भिजून वांचला. पंखांचा सांगाडा भार सोसूं शकला नाहीं, कीं विमान फेकणाऱ्या यंत्रांतच तें अडकलें, यावर पुढें पुष्कळ वाद झाला. दुसऱ्या पतनानंतर नऊ दिवसांनीं, १७ डिसेंबरला, राइट बंधु उडाले. त्यांनींही आधीं लहान नमुने केले होते. परंतु ते नमुने त्यांनीं वाऱ्याच्या एका पेटींत ठेवून, पंखाच्या कोणत्या आकारास किती उचल मिळते याचे आंकडे काढले, आणि मोठें विमान त्या आंकड्यांवरून बांधलें. एकानें नमुन्याची नक्कल केली. दुसऱ्यांनीं नमुन्यास प्रश्न विचारले.

नमुन्यास प्रश्न कसे विचारावे याचें सर्वांत सुंदर शास्त्र नद्यांविषयीं झालें आहे, आणि त्यासाठीं आम्हांस पुन्हां पैठणासच येणें भाग आहे. गांवाच्या अगदीं वर गोदावरीवर जायकवाडीचें धरण आहे. त्याची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें बसली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. धरण सुमारें दहा किलोमीटर लांब, एकेचाळीस मीटर उंच, सत्तावीस दरवाज्यांचें. त्यामागील नाथसागर सुमारें ३५० चौरस किलोमीटर. हें सारें हजारांश मापानें मांडावयाचें ठरविलें, तर दहा मीटर लांबीची भिंत होईल आणि तिची उंची भरेल चार सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटें. पाहणारा तिला धरण म्हणणार नाहीं. उंबरठा समजून ओलांडून जाईल. मागील जलाशयाची सरासरी खोली तर आठ-नऊ मिलिमीटरच उरेल. इतक्या पातळ थरांत पाण्याच्या अंगचा चिकटपणा आणि पृष्ठभागाचा ताण यांचें राज्य सुरू होतें. त्यास लाट येत नाहीं आणि पूरही येत नाहीं. गोदावरी ओसरीएवढी केली कीं ती गोदावरी राहत नाहीं. सांडलेलें पाणी होतें.

यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय मोठा गमतीचा आहे. त्यांनीं जाणूनबुजून खोटें माप धरलें. १८८५ मध्यें ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनीं मँचेस्टर येथें मर्सी नदीच्या मुखाचा नमुना केला, तेव्हां खोली रुंदीच्या मानानें सुमारें तेहतीसपट फुगविली. तसें केल्यानें दिसावयास विद्रूप झालेल्या त्या नमुन्यांत गाळाचे उंचवटे आणि प्रवाहाच्या वाटा खऱ्या नदींतल्यासारख्या पडूं लागल्या. काळाचेंही तसेंच. जहाजांच्या नमुन्यांवर प्रयोग करणाऱ्या विल्यम फ्रूड यांच्या नियमाप्रमाणें नमुना शतांश असेल तर त्यांतील वेग दशांश धरावा लागतो; म्हणून नदीवरील एक दिवसाचा पूर नमुन्यांत दोन तास चोवीस मिनिटांत ओसरतो. वाळूही त्याच मापानें बारीक करूं गेलें तर तिचें पीठ होतें आणि तें वाहण्याऐवजीं तळास चिकटून बसतें. म्हणून तिच्या जागीं कोळशाच्या चुरीसारखा हलका पदार्थ योजावा लागतो. मुंबई इलाख्यांत १९१६ मध्यें सुरू झालेली व पुढें खडकवासल्यास स्थिरावलेली जलसंशोधन संस्था, आणि १९५९ मध्यें नाशिकास निघालेली महाराष्ट्राची अभियांत्रिकी संशोधन संस्था, यांत हेंच शास्त्र चालतें. खडकवासल्याचे सर क्लॉड इंग्लिस यांचा नद्यांच्या नमुन्यांवरील मोठा ग्रंथ १९४९ मध्यें निघाला. या साऱ्या उद्योगाचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: खोटें माप चालतें, परंतु तें किती खोटें आहे, हें नमुन्यावर लिहून ठेविलें पाहिजे.

आतां आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशीं येतों. इतिहास हीही एक प्रतिकृतीच आहे. तीनशें वर्षांचा काळ तीनशें पृष्ठांत बसवावयाचा म्हणजे वर्षाला एक पृष्ठ. तेथें कांहीं वाढविल्यावांचून आणि कांहीं गाळल्यावांचून गत्यंतर नाहीं. शालिवाहनाची कथा या दृष्टीनें पाहिली म्हणजे ती खोटी ठरत नाहीं. ती माप न लिहिलेली प्रतिकृति ठरते. विक्रम संवताचा आरंभ ख्रिस्तपूर्व ५७ चा आणि शकाचा ख्रिस्तोत्तर ७८ चा. दोहोंमध्यें १३५ वर्षांचें अंतर आहे, तरी कथेंत हे दोन शककर्ते एकाच दिवशीं एकाच रणांगणावर समोरासमोर उभे राहतात. सातवाहन राजांनीं आपल्या लेखांत हा शक वापरलाच नाहीं. ते आपापल्या राज्यवर्षांनीं काळ मोजीत. तो शक चालविला पश्चिमेकडील शक क्षत्रपांनीं, म्हणजे ज्यांच्याशीं सातवाहनांचें हाडवैर होतें त्यांनीं. आणि शालिवाहनाचें नांव त्यास चिकटलें तें कित्येक शतकांनंतर. वैऱ्याचें कालगणन जेत्याच्या नांवावर जमा झालें!

मग कथेंत खरें कांहींच नाहीं काय? आहे. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उठविलेला आहे. शत्रूचें नाणें वितळविण्याचीही त्यास गरज वाटली नाहीं; त्याच्या तोंडावरच शिक्का मारला. उत्तरेकडून आलेलें बलाढ्य राज्य गोदाकांठच्या वंशानें मोडलें, ही गोष्ट त्या चांदीवर उमटलेली आहे. लोककथेनें ती घेतली, अनेक पिढ्यांचें युद्ध एका दिवसांत आणलें, अनेक राजे एका पोरांत आणले, आणि पोराचें माप मात्र गडावरच्या मावळ्यासारखें वाढविलें. नदीच्या नमुन्यांत खोली फुगवावी तशी तिनें शौर्याची उंची फुगविली. असें करावें लागतें. त्यावांचून शेंकडों वर्षें प्रवाह वाहता राहिला नसता. फक्त किती पट फुगविली, हें तिनें लिहिलें नाहीं. तें लिहिणें हें इतिहासकाराचें काम आहे. तो शालिवाहनास मारावयास आलेला नसतो. तो प्रतिकृतीच्या कोपऱ्यांत माप लिहावयास आलेला असतो.

तें माप लिहिलें नाहीं म्हणजे काय होतें, याचें उत्तर नाथसागराच्या कांठींच आहे. हजारांश नमुन्यांत शेतकऱ्याचें दहा मीटरांचें घर बोटाच्या नखाएवढें होतें आणि त्या घरांतला मनुष्य दोन मिलिमीटरांचा, दिसेल न दिसेल असा. निळ्या रंगाचा जलाशय डोळ्यांत भरतो. त्याखालीं गेलेलीं गांवें, उठलेले उंबरे, सोडाव्या लागलेल्या काळ्या जमिनी त्या मापांत मावत नाहींत. धरणानें मराठवाड्याच्या कोरड्या शिवारांस पाणी दिलें हें खरें, आणि तें थोडें नव्हे. परंतु ज्या मापांत मनुष्य दिसत नाहीं त्या मापावरून हिशेब पुरा झाला असें समजूं नये. राजांच्या इतिहासांतही असेंच होतें: राजा गडाहून मोठा होतो, आणि त्याची फौज पुन्हां मातीची होते.

आमची सुज्ञ गृहस्थांस एवढीच विनंति आहे. येत्या दिवाळींत मुलांचा बुरूज ढांसळला तर लागलीच केरसुणी घेऊं नये. तो एक दिवस तसाच राहूं द्यावा. पाणी कोठून शिरलें, मावळा दारांतून आंत कां जात नाहीं, अळीव इतके उंच कां दिसतात, हें मुलांनाच विचारावें. तीं हंसतील, भांडतील, फूटपट्टी आणतील. मग त्यांस म्हणावें कीं, गड पुन्हां उभारा, महाराजांस हवें तेवढें मोठें करा. फक्त पायथ्याशीं एक पाटी लावा आणि तीवर लिहा, ‘गड इतक्या पट लहान, महाराज इतक्या पट मोठे’. ज्या मुलांस ती पाटी लिहितां आली, त्यांच्या हातीं आम्ही शालिवाहनाची कथा निःशंकपणें देऊं.